पाचव्या पायरीवरची झारी

२ फेब्रुवारी

नव्या घरात आलो. नवं आमच्यासाठी, घर दुसऱ्याचंच. अडीच वर्षं झाली, परदेशात अशी परक्यांची घरं सांभाळत फिरतोय. मालक कुठे लांब गेले की आम्ही त्यांच्या घरात राहायचं आणि भाड्याऐवजी त्यांची झाडं आणि जनावरं बघायची. नणंद म्हणते, तुम्ही म्हणजे बिनपगारी राखणदार. सासूबाई मात्र निघताना म्हणाल्या होत्या, "बघून या सगळं जग. मी कुठे जात नाही." दर वेळी फोनवर तेच म्हणतात.

कामाची वाटणी पहिल्या घरातच ठरली. हे जनावरं बघतात, मी झाडं. ह्यांची उभी नोकरी गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून गेली, त्यामुळे जनावर कुठलंही असो, ह्यांच्या मांडीवर येऊन बसतं. झाडांचं मात्र नाव नको. पहिल्या घरातलं निवडुंग ह्यांनी पाणी घालून घालून कुजवलं, तेव्हापासून झारीला हात लावायची बंदी आहे आणि ती हे आनंदाने पाळतात.

इथे एक म्हातारा बोका आहे. दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे असा बघतो की मी त्याचं नाव हेडमास्तर ठेवलं. वर जायला अरुंद लाकडी जिना, आणि वरच्या खिडकीत फर्नच्या कुंड्या. फर्नला नळाचं पाणी चालत नाही, मागच्या दारच्या पिंपातलंच घालायचं, अशी मालकिणीची ताकीद आहे. झारी पत्र्याची आणि जड आहे.

माझा चष्मा आज फ्रीजमध्ये सापडला, अंड्यांच्या शेजारी. मालकिणीचा फोन आला तेव्हा मी त्याच खोलीत बोलत होते, तेवढ्यात कोणीतरी तो तिथे ठेवला. ह्यांना विचारलं तर म्हणाले, हेडमास्तरांनी ठेवला असेल. वीस वर्षं मी शाळेत पर्यवेक्षिका होते. कॉपी करणारं पोर असंच हसून उत्तर देतं.

११ फेब्रुवारी

कात्री गेली होती. परवा फर्नची वाळकी पानं कापत होते, नणंदेचा फोन आला, बोलत बोलत फाटकापर्यंत जाऊन आले तर कात्री गायब. आज ती टपालपेटीत निघाली. ह्यांनी मुकाट्याने आणून दिली. ती टपालपेटीत आहे हे ह्यांना कसं कळलं? विचारलं तर म्हणाले, "बाई, मी हल्ली तिथेच आधी बघतो." मला बाई म्हणणं ही ह्यांची जुनी थट्टा आहे, शाळेतली पोरं म्हणायची म्हणून. पण उत्तर काही सरळ नाही.

सासूबाईंना बरं नाही म्हणे. थोडा खोकला आहे. नणंद म्हणाली, काळजीचं काही नाही.

१८ फेब्रुवारी

सासूबाई गेल्या. आणि माझा पाय मोडला. दोन्ही एकाच सकाळी, पाच मिनिटांच्या अंतराने. काल लिहायची शुद्धच नव्हती, आज हॉस्पिटलातून घरी आणलं.

क्रमाने लिहिते, म्हणजे नंतर कोणी फिरवाफिरव करायला नको. सकाळी फर्नला पाणी घालायला वर निघाले होते. जिन्यात असतानाच वरच्या खोलीत माझा फोन वाजला. इतक्या सकाळी घरचाच असणार म्हणून धावत वर गेले. नणंद होती. तिला बोलता येत नव्हतं. "वहिनी, आई गेली," एवढंच म्हणाली. हे मागच्या अंगणात बोक्याला विंचरत होते. त्यांना सांगायला मी तशीच धावत खाली निघाले, आणि पाचव्या पायरीवर पायाखाली झारी आली. झारीसकट खाली. घोट्याचं हाड मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. हे धावत आले तेव्हा मी पाण्यात बसले होते, आणि सासूबाई गेल्याचं मी त्यांना त्या तसल्या अवस्थेत, कण्हत कण्हत सांगितलं. असं कोणाला कधी सांगावं लागू नये.

भर जिन्यात झारी! भरलेली! कुठला शहाणा माणूस जिन्यात झारी ठेवतो? रुग्णवाहिकेत मी पहिला प्रश्न तोच विचारला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं, मग म्हणाले, "माझ्याकडून राहिली असेल." असेल! ठेवली किंवा नाही ठेवली, असेल काय? असं उत्तर मी एकाही मुलाचं मान्य केलं नसतं.

डॉक्टर म्हणतात सहा आठवडे प्लास्टर, आणि तोवर विमानाचं नाव काढायचं नाही.

१९ फेब्रुवारी

धाकटे दीर पोचेपर्यंत तिकडे अंत्यविधीसाठी थांबणार आहेत. मी ह्यांना म्हटलं, तुम्ही जा, आज निघालात तर वेळेवर पोचाल, मी बघते माझं. म्हणाले, बघू. आणि तिकीट काढलंच नाही. बिछाना खालच्या खोलीत हलवलाय, न्हाणीघर तीन पायऱ्या खाली आहे आणि दर वेळी हेच मला उचलून नेतात, हे खरं. माझ्या पायाला रात्रभर उशी लावून बसले, हेही खरं. पण मी जा म्हटलं होतं, हे इथे नोंदवून ठेवते.

थोरला मुलगा आईला शेवटचं बघायला जात नाही, याला काय म्हणायचं? रडलेसुद्धा नाहीत. माझ्या डोळ्यांचं पाणी खळत नाही, आणि त्या माझ्या सासूबाई. ह्यांच्या तर आई.

२० फेब्रुवारी

गोळ्यांनी डोकं जड आहे, वार कुठला ते कळत नाही. दुपारी प्लास्टरच्या आत अशी खाज सुटली की जीव नकोसा झाला. खिडकीतून बघितलं तर हे अंगणातल्या बाकावर पाठमोरे, फोन दोन्ही हातांत धरून. मान जराही हलत नव्हती. कसला तरी सामना बघत असणार. मी चार हाका मारल्या. शेवटी फोन खिशात घालून आले. विणकामाची सुई घेऊन प्लास्टरच्या आत खाजवायला लावलं, जरा खाली, अजून खाली, तिथे नाही हो, डावीकडे, असं चांगलं दहा मिनिटं. सामना बुडाला म्हणून तोंड एवढंसं झालं होतं.

आई जाऊन तीन दिवस झाले आणि माणूस सामना बघतो. मला काही हे ठीक दिसत नाही.

२१ फेब्रुवारी

विचारलं, अंत्यविधी कधी आहे. म्हणाले, "झाला." मला का नाही सांगितलं? म्हणाले, तू गोळीच्या गुंगीत होतीस. दोन फुलं वाहून मनातल्या मनात हात तरी जोडले असते. तेवढंही ह्यांनी मला करू दिलं नाही.

२६ फेब्रुवारी

ह्यांचे डोळे लाल असतात. मांजराच्या केसांची ॲलर्जी झाली, असं सांगतात. उभं आयुष्य गुरं, कुत्री, शेळ्या, मांजरं ह्यांत काढलेल्या माणसाला आता, या वयात ॲलर्जी? बरं, ॲलर्जी असेल तर बोक्यापासून लांब राहावं. ते नाही. अंगणात त्याला छातीशी धरून त्याच्या मानेत तोंड खुपसून बसतात. बराच वेळ. मग आत येऊन नाक शिंकरतात आणि मला विचारतात, चहा टाकू का.

कुठेतरी पाणी मुरतंय. परीक्षेत मुलांच्या मागून फेऱ्या मारून मारून मला माणसाच्या मानेवरून कळतं.

३ मार्च

आज ऐकलं. दार लोटलेलं होतं, हे ओट्यावर नणंदेशी बोलत होते. आवाज इतका हळू की मला श्वास धरून ऐकावं लागलं. "तिला यातलं काही बोलू नकोस. चूक माझी आहे, मी सगळ्यांना सांगितलंय." नणंद तिकडून काहीतरी म्हणाली असणार. मग, "नको, तिला आत्ता नको."

ती म्हणजे मी. हे उघड आहे. पण मला काय सांगायचं नाही? आणि कोणती चूक? हे आत आले तेव्हा मी झोपेचं सोंग घेतलं. पांघरूण नीट करून गेले.

५ मार्च

मीच नणंदेला फोन लावला. एरवी ती माझ्याशी तासभर बोलते, आम्ही दोघी मिळून जगाची उणीदुणी काढतो. आज पायाची चौकशी केली आणि थांबली. मी म्हटलं, काय गं, काही झालंय का. म्हणाली, "दादाने झारीचं सांगितलं. त्याची होती म्हणाला. काका, मावश्या, सगळ्यांना फोन करून सांगितलं." आवाजात काहीच नाही. ना राग, ना माया. मी म्हटलं, मग? म्हणाली, मग काही नाही, तू पायाला जप.

म्हणजे गुन्हा कबूल, आणि तोही अख्ख्या घरासमोर. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. न विचारता कोणी इतकं घाईघाईने कबूल करत नाही. वर्गात खिडकीची काच फुटली आणि एखादं पोर आपणहून उभं राहिलं की मी त्या पोराला कधीच शिक्षा केली नाही. आधी बाकीच्यांचे चेहरे बघायचे.

८ मार्च

आज साधा प्रश्न टाकला, जेवता जेवता, सहज. म्हटलं, अहो, तुम्ही त्या दिवशी फर्नला पाणी घालायला निघाला होतात, ते पाणी कुठून घेतलंत?

"नळातून," म्हणाले.

झालं! सापडले! फर्नला पिंपातलं पाणी लागतं हे ह्यांना माहीतच नाही. म्हणजे झारी ह्यांच्या हातात नव्हतीच. हे खोटं बोलतायत. आणि निवडुंग कुजल्यापासून न शिवलेली झारी नेमकी त्याच दिवशी कशाला घेतील?

आता विचार केला पाहिजे. न केलेला गुन्हा माणूस कधी कबूल करतो? एक तर दुसऱ्या कोणाला वाचवायला, नाहीतर त्याहून मोठा गुन्हा झाकायला. घरात दुसरं कोणी नाही. हे, मी आणि हेडमास्तर. हेडमास्तरांना झारी उचलत नाही. म्हणजे मोठा गुन्हा.

तो काय असेल? ह्यांना घरी जायचंच नव्हतं. आईशी काही अबोला होता का? मला तरी माहीत नाही. की दीर घराच्या वाटणीचं काढतील म्हणून टाळलं? की उलट आहे, ह्यांना फिरण्याचा कंटाळा आलाय, आणि पाय बरा झाला की मला नणंदेच्या गळ्यात टाकून कायमचं घरी बसवायचा बेत आहे? घरी जायचं नाही आणि घरीच बसायचंय, ही दोन्ही कारणं एकदम खरी असू शकत नाहीत, हे मला समजतं. पण एकतरी खरं आहे.

पिंपातलं पाणी फर्नला घाला म्हणून सांगितलं. झारी दोन्ही हातांनी धरून, जिन्याच्या कडेकडेने, तोफेचा गोळा न्यावा तसे वर गेले.

१४ मार्च

बोलले. मी बोलायला नको होतं, पण बोलले.

सकाळी ह्यांनी माझे केस धुऊन दिले. कपाळावर हात आडवा धरून, डोळ्यांत साबण जाऊ नये म्हणून. गुरांना औषध पाजायची सवय असलेला हात आहे, हलका. आणि मला त्या हाताचाच राग आला. इतकं करतो आणि खरं बोलत नाही. मी म्हटलं, "तुम्हाला आईकडे जायचंच नव्हतं. माझा पाय तुम्हाला बरा सापडला."

पाणी ओतता ओतता थांबले. मला वाटलं, आता चिडतील, आता बाहेर पडेल काय ते. ते म्हणाले, "तसं समज." मग उरलेलं पाणी ओतून केस पुसून दिले, पंचा वाळत घातला आणि अंगणात गेले. जेवायला आले नाहीत.

मी जिंकले असं मला वाटत नाही. चाळीस वर्षांत ह्यांनी ताट सोडून कधी रुसवा केला नव्हता.

१९ मार्च

बोलणं कामापुरतं. गोळी घेतलीस का, उशी देऊ का. हेडमास्तरही माझ्याकडे बघत नाहीत. आज ह्यांची पाठ बघितली, खांदे उतरलेत. शर्ट मोठा झाल्यासारखा दिसतो. काय लपवताय हो, असं विचारावंसं वाटलं, पण परत तेच उत्तर आलं तर काय करू?

१ एप्रिल

प्लास्टर निघालं. आतून पाय निघाला तो दुसऱ्याच कोणाचा तरी वाटतो, काडीसारखा. डॉक्टर म्हणतात हाड छान जुळलं, सावकाश चाला, जिना धरून चढा. विमान चालेल, असंही म्हणाले. घरी आल्यावर ह्यांनी बिछाना परत वर नेला.

६ एप्रिल

आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी हे बोक्याला घेऊन अंगणात गेले. म्हटलं, आता फर्नचं माझं काम मी करावं. पिंपातून झारी भरली आणि एका हाताने कठडा धरून चढायला लागले. चार पायऱ्या चढले आणि वर फोन वाजला.

माझ्या हाताने झारी खाली ठेवली.

मी ठेवली असंही म्हणवत नाही. माझं सगळं लक्ष फोनकडे होतं, वर पोचायची घाई होती, आणि हात आपला आपण वाकला, पायरीवर झारी टेकवली आणि मोकळा झाला. पाचव्या पायरीवर. झारीचा पत्रा लाकडावर टेकल्याचा आवाज झाला, त्या आवाजाने मी थांबले. तो आवाज मी आधी ऐकलेला होता. तिथेच, त्याच पायरीवर.

फ्रीजमधला चष्मा. टपालपेटीतली कात्री. फोन वाजला की हातातलं सापडेल तिथे ठेवून मी पळते, आणि हे मागून उचलत येतात. माझ्याशिवाय हे सगळ्यांना माहीत असावं. मी वीस वर्षं पोरांच्या हातांवर नजर ठेवली, आणि माझा स्वतःचा हात काय करतो ते मला कधी दिसलं नाही.

फोन वाजून वाजून थांबला. नणंदेचा होता. मी वर जाऊन पलंगावर बसले आणि उलट लावला. ती काही बोलायच्या आत म्हटलं, "झारी माझी होती गं. तुझ्या दादाची नव्हती. मी ठेवली होती."

मग म्हणाली, "माहीत आहे, वहिनी. त्या निवडुंगानंतर दादाने आपणहून कधी झारीला हात लावलाय?"

सगळ्यांना माहीत होतं. काका, मावश्या, दीर, सगळ्यांना. थोरल्या मुलाला आईच्या शेवटाला येऊ दिलं नाही असं कोणी माझ्या नावावर लावू नये, म्हणून ह्यांनी एकेकाला फोन करून ती झारी स्वतःच्या अंगावर घेतली. कोणाचाही विश्वास बसला नाही आणि कोणीही तसं म्हटलं नाही. मी नणंदेला म्हटलं, मला वाटलं तू रागावलीस. म्हणाली, रागावलेच होते, पण दादाने शपथ घातली होती.

मग मी विचारलं, ह्यांना आईंना बघता तरी आलं का गं? नणंद म्हणाली, अंत्यविधी तिने फोनवरून दाखवला होता, आणि दादा तिकडे अंगणात बसून बघत होता. "पण अर्ध्यातच त्याने फोन खिशात घातला. बंद करायचा विसरला. आमच्या फोनवर नुसता अंधार, आणि त्यातून तुझा आवाज. जरा खाली, अजून खाली, तिथे नाही हो."

मला तोंड लपवायला जागा राहिली नाही.

"वहिनी," ती म्हणाली, "सगळे हसले. आईच्या समोर उभं राहून. त्या दिवशी आम्ही तेवढंच हसलो. दादाला नको सांगूस." आणि मग ती रडायला लागली, मग मी, आणि आम्ही दोघी कितीतरी वेळ तशाच फोन धरून बसलो. शेवटी मी म्हटलं, आम्ही येतोय. या घराचे मालक महिनाअखेरीला परततात, त्याच दिवशी निघतो. आईंच्या खोलीला कुलूप लावू नका, ह्यांना तिथे बसायचं असेल.

जिना उतरताना एकेक पायरी बघत उतरले. पाचव्या पायरीपाशी हे वाकलेले होते. अंगणातून आले होते, झारी उचलून कोपऱ्यात ठेवत होते. मला बघून दचकले. "माझ्याकडून राहिली परत," म्हणाले.

मी म्हटलं, "अहो, ती माझी होती. आजचीही आणि त्या दिवशीचीही."

ते झारी हातात घेऊन तसेच उभे राहिले. भरलेल्या झारीत पाणी हलत होतं. "राहू दे ना आता," म्हणाले. मी म्हटलं, राहू कसं द्यायचं, मी तुम्हाला काय काय बोलले. म्हणाले, "बाई, तू बोलतेस ते मी कधी मनावर घेतलंय?" पण ते घेतलं होतं. ते मानेवरून दिसत होतं, आणि मानेचं मला खरंच कळतं, फक्त हे कळायला मला दीड महिना लागला.

मी ह्यांच्या हातातून झारी घेतली आणि म्हटलं, महिनाअखेरीला आपण आईंच्या घरी जातोय, तुमच्या बहिणीला सांगितलंय. हे तिथेच पायरीवर बसले, तळव्यांनी डोळे दाबले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मी शेजारी बसले. जिना अरुंद आहे, दोघं जेमतेम मावलो. बऱ्याच वेळाने नाक पुसत म्हणाले, "ॲलर्जी."

हेडमास्तर बाहेर अंगणात, उन्हात पसरले होते. मी काही विचारलं नाही.